चक्कर नाही गं, अंधारी येते! पेशंट, डॉक्टर आणि ॲपवाले यांची बोली एक कशी करायची?

रानजाई

माझी आत्या कराडजवळ राहते. वय ७१, बीपी आणि शुगर दोन्ही आहे, गोळ्या वेळच्या वेळी घेते. मी पुण्यात ज्या कंपनीत आहे तिथे आम्ही अशाच पेशंटसाठी मराठी ॲप करतोय. गणपतीत गावी गेले तेव्हा आत्याच्याच हातात फोन दिला. रोज सकाळी पाच प्रश्न, 'हो' किंवा 'नाही' दाबायचं, उत्तरं थेट तिच्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर.

दुसरा प्रश्न होता, 'चक्कर येते का?' आत्या रोज 'नाही' दाबायची. सतरा दिवस 'नाही'. अठराव्या दिवशी पहाटे लघवीला उठली आणि मोरीच्या उंबऱ्याशी पडली. मनगट मोडलं.

प्लास्टर घालून घरी आणल्यावर मी विचारलं, "अगं, चक्कर येत नाही असं रोज सांगत होतीस ना?" ती म्हणाली, "चक्कर कुठं येते? उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येते. चक्कर म्हणजे घर फिरतं."

ती खरंच बोलली होती. डॉक्टरांनी समोर आलेलं नीट वाचलं होतं. आमच्या प्रोग्रॅममध्येही कुणाला चूक सापडणार नाही. तिघांनी आपापलं काम चोख केलं आणि बाई पडली. इंग्रजी यादीत एक शब्द होता, त्याला आम्ही मराठी एक शब्द लावला आणि भाषांतर झालं म्हणून खूण केली, एवढंच झालं होतं. तेव्हापासून मला नीट झोप नाही.

म्हणून विचारते. तुमच्या घरात, दवाखान्यात, कामावर असे कुठले शब्द आहेत जे एक माणूस बोलतो आणि दुसरा वेगळेच समजतो? आणि पेशंट, डॉक्टर आणि आमच्यासारखे ॲप लिहिणारे, या तिघांना चालेल अशी बोली करायची तर सुरुवात कुठून करावी?

ओपीडी_नंबर_तीन

रानजाई, आत्याबाई आता कशा आहेत?

मी तालुक्याच्या गावी २२ वर्षं प्रॅक्टिस करतोय. 'चक्कर' म्हणून माझ्याकडे तीन वेगळ्या तऱ्हेचे पेशंट येतात. पहिल्याचं घर गरगर फिरतं, कूस बदलली की जास्त. त्याचं मूळ बहुतेक वेळा आतल्या कानात असतं. दुसऱ्याला उठल्यावर अंधारी येते, तिथे आधी रक्तदाब बघायचा. तिसऱ्याचा झोक जातो. डोकं स्वच्छ असतं पण पाऊल नीट पडत नाही. जुनी शुगर असेल तर पायाच्या नसा तपासायच्या. इंग्रजीत हे तिन्ही एकाच शब्दाखाली येतात, म्हणून ते वेगळे कसे काढायचे ते आम्हाला कॉलेजात मुद्दाम शिकवतात. आपली बाई मात्र पहिल्याच वाक्यात वेगळं करून सांगते. घेरी, अंधारी, झोक. तुमच्या ॲपने तिचं सांगणं पुसलं आणि मला जास्त मोघम शब्द पाठवला.

आत्याचं बीपी निजवून घ्या, मग उभं करून तीन मिनिटांच्या आत परत घ्या. वरचं २० ने किंवा खालचं १० ने उतरलं तर त्यांच्या डॉक्टरांना आजच सांगा.

पण माझीही बाजू ऐका. सकाळच्या ओपीडीला ७० पेशंट असतात. प्रत्येकाचं पानभर मनोगत मी वाचू शकत नाही.

सायली_च

माझी आई फक्त "कसंतरी होतंय" म्हणते. त्याला कुठलं बटण ठेवणार?

वॉर्ड_सिस्टर

@सायली_च, त्याला सगळ्यात मोठं आणि लाल बटण हवं. मी १९ वर्षं वॉर्डात आहे. म्हातारी माणसं, बायका आणि शुगरवाले यांना हार्ट अटॅक येताना छातीत दुखेलच असं नाही. घाम, मळमळ, दम आणि "कसंतरी होतंय". जी बाई कधी कुरकुरत नाही ती असं म्हणाली की मी आधी ईसीजी काढायला सांगते. आईला हसण्यावारी नेऊ नका.

सायली_च

सिस्टर, मी सहज लिहिलं होतं. आता आईला फोन लावते.

नमुना_क्रमांक

मी लॅबमध्ये रक्त घेतो. आमच्याकडचा शब्द म्हणजे 'उपाशी'. रिसेप्शनवरून फोनवर सांगायचे, "उद्या उपास करून या." एक आजी आल्या. विचारलं, काही खाल्लं का? "नाही हो, उपासच आहे. सकाळी वाटीभर साबुदाण्याची खिचडी नि अर्धं केळं, बास." फास्टिंग शुगर कशी आली असेल ते सांगायला नको. त्यांचं काहीही चुकलं नव्हतं. आपल्याकडे उपासाला खातातच.

आता भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलंय: 'रात्रीच्या जेवणानंतर फक्त पाणी. चहा नाही, फळ नाही, साबुदाणा नाही.' त्यानंतर घोळ खूप कमी झाला. 'अनशापोटी' म्हटलं तर साठीच्या पुढच्यांना चटकन कळतं, तिशीतल्यांना कळत नाही.

खमंग_काकडी

एकादशी आणि लॅब एकाच दिवशी, बिचाऱ्या आजी! आमच्या आजोबांचं ऐका. ग्लुकोमीटरवर आकड्याच्या जागी 'एचआय' अशी अक्षरं आली. आजोबा खूश. "बघ, मशीन हाय म्हणतंय." साखर मशीनला मोजता येणार नाही इतकी वर गेली होती म्हणून ती अक्षरं होती. नशिबाने मामी नर्स आहे, तिने बघितलं आणि लगेच दवाखान्यात नेलं. त्या पडद्यावर मराठीत 'साखर फार वाढली, डॉक्टरांना गाठा' एवढं यायला काय हरकत होती?

लीड्सकर

शब्दांचं सोडा, आकड्यांची सुद्धा भाषा असते. आई सांगलीहून इंग्लंडला आमच्याकडे आली. तिचं मीटर घरीच राहिलं, म्हणून इथलं घेऊन दिलं. सकाळी स्वयंपाकघरातून हाक, "अरे, साखर सात पूर्णांक दोन! आता मी काही वाचत नाही." भारतात १३० म्हणतात तेच इथे ७.२ दिसतं. १८ ने गुणलं की आपला आकडा. तिला ७.२ म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीएवनसी) वाटली आणि एकदम वाढली म्हणून ती घाबरली. उलट तिचा तीन महिन्यांचा रिपोर्ट इथल्या पद्धतीने ५३ आला, तेव्हा ती म्हणाली, "५३? एवढी कमी?" ते ५३ म्हणजे आपल्याकडचे ७ टक्के.

मी फ्रिजवर दोन रकाने काढून चिकटवले, 'सांगली' आणि 'लीड्स'. सहा महिने तोच तिचा दुभाषा होता.

इथल्या सरकारी आरोग्यसेवेने २०१८ मध्ये मधुमेहाच्या पेशंटशी बोलताना कुठले शब्द टाळावेत याची पुस्तिकाच काढली. 'ऐकत नाही', 'कंट्रोल नाही' असले शब्द त्यात येतात. माझ्या आईला सांगलीत वीस वर्षं हेच ऐकावं लागलं.

आशाताई_नगर

मी आशा सेविका आहे. सगळे पेशंट, डॉक्टर, इंजिनिअर म्हणताहेत, मधली माणसं आम्ही असतो म्हणून लिहिते.

२०२१ मध्ये घरोघरी ऑक्सिजन बघत फिरत होतो. बोटाला मशीन लावलं की दोन आकडे येतात, एक ऑक्सिजनचा, एक नाडीचा. कुठला कुठला हे छोट्या इंग्रजी अक्षरांत. एका घरी मुलगा रात्री फोनवर ओरडत होता, "आईचा ऑक्सिजन ७८!" ती नाडी होती. दुसऱ्या घरी याच्या उलट. नाडी ९६ बघून सगळे निवांत होते आणि ऑक्सिजन ८८.

आणखी एक सांगते, बघा करून. इंग्रजी आकड्यातला ९८ उलट्या बाजूने बघितला की ८६ दिसतो. पेशंट खाटेवर, मी समोर उभी, मशीन तिच्याकडे तोंड करून. पहिल्यांदा मला ८६ दिसलं आणि हातपाय गार पडले. ९६ उलटा केला तरी ९६च राहतो, म्हणून रोज लक्षात येत नाही. मग मीच नेलपॉलिशने मशीनच्या वरच्या बाजूला लाल ठिपका दिला आणि घरच्यांना सांगितलं, ठिपका वर, आणि ठिपक्याजवळचा आकडा श्वासाचा.

आमच्या फोनमधल्या ॲपमध्ये येतं, 'माहिती प्रविष्ट करा'. प्रविष्ट आमच्या गावात कोणी करत नाही. 'लिहा' म्हणा.

ओपीडी_नंबर_तीन

आशाताई, उद्या आमच्या दवाखान्यातल्या मशीनला लाल ठिपका देतो.

बायनरी_भाऊ

मीही याच धंद्यात आहे, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. हे सगळं वाचून वाईट वाटतं, पण प्रत्येकाच्या आत्याचा शब्द घ्यायचा तर ॲप कधी तयार होणार? मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, कोल्हापुरी, कुठे थांबायचं? एका दवाखान्याची नोंद दुसऱ्या दवाखान्याला वाचता आली पाहिजे, त्यासाठी प्रमाण शब्दच लागतो. नाहीतर उद्या अपघातात माणूस नाशिकच्या हॉस्पिटलात पोचला आणि त्याच्या फाइलमध्ये 'कसंतरी' लिहिलेलं असलं तर कुणाला काय कळणार?

त्यासाठी स्नोमेड सीटी नावाचा जागतिक संग्रह आहे. प्रत्येक आजाराला, लक्षणाला एक क्रमांक. भारत २०१४ पासून त्याचा सदस्य आहे, इथे वापरायला पैसे पडत नाहीत, आणि त्याचं राष्ट्रीय केंद्र पुण्यातच सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेत आहे. आधी लोकांना प्रमाण शब्द शिकवा.

वऱ्हाडी_ठेचा

भाऊ, ७१ वर्षांच्या बाईला तुम्ही आता शब्द शिकवणार? तिला अंधारी आली तवा तिनं क्रमांक आठवावा?

आन प्रमाण मराठीत तरी एक शब्द हाय का? फक्त दुखण्याचं घ्या. डोकं ठणकते, गळू ठसठसते, दातात सणक जाते, पोटात कळ येते, पाठीत उसण भरते, बरगडीत चमक निघते, पिंडरीत गोळा येते, तळपायाची आग होते, हात भरून येते, पाय वळते. एवढं सगळं तुमच्या यादीत 'वेदना: हो / नाही'!

शब्दवेडी

अवांतर होईल, पण ठेचा, तुमची क्रियापदं बघा! उसण भरते, चमक निघते, कळ येते, गोळा उठतो. मराठीत दुखणं बाहेरून येतं, चढतं, उतरतं. त्यातच ते कसं सुरू झालं आणि किती टिकलं हेही असतं. 'चमक' म्हटलं की क्षणभराचं, 'ठणका' म्हटलं की नाडीच्या ठोक्याबरोबरचं, 'रग' म्हटलं की श्रमाने आलेलं.

वैद्यकातही हे कुणी केलेलं नाही असं नाही. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये दुखण्याच्या शब्दांची प्रश्नावली छापली. पेशंट दुखण्यासाठी जे शब्द वापरतात ते जमवून त्यांचे गट पाडले. फडफडणारं, भोसकणारं, जळजळणारं, असे. त्यांनी पेशंटला शब्द शिकवले नाहीत, त्याच्या तोंडचे शब्द घेतले आणि त्यांतून मोजमाप केलं.

मालवणी_माज

आमच्याकडे 'आंग मोडून येता'. ह्येका खंयचो क्रमांक?

बायनरी_भाऊ

@शब्दवेडी, हे माहीत नव्हतं. एक दुरुस्ती मीच करतो. स्नोमेडमध्ये एका क्रमांकाखाली अनेक नावं ठेवता येतात, ती त्याची मूळ रचनाच आहे. म्हणजे 'अंधारी' आत्याच्या स्क्रीनवर, इंग्रजी संज्ञा डॉक्टरांच्या स्क्रीनवर आणि खाली क्रमांक एकच. अडचण तंत्राची नाही. मराठी नावं कुणी बसून भरलेली नाहीत. आणि मी म्हणतो तसे लोकांना शब्द शिकवायला गेलो तर ती भरलीही जाणार नाहीत, हे पटलं.

गोळी_राहिली

मी टीबीच्या कामात ११ वर्षं आहे. शब्दाने नुसतं समजत नाही असं नाही, शब्द लागतोही. औषध मध्येच बंद झालेल्या पेशंटला कागदोपत्री 'डिफॉल्टर' म्हणायचे, म्हणजे कर्ज बुडवणाऱ्याला बँक म्हणते तेच. तपासायला आलेला माणूस 'सस्पेक्ट', म्हणजे पोलीस ठाण्यातला संशयित. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये हे दोन्ही शब्द आपल्या व्याख्यांतून काढले. रजिस्टरमधून ते गेले, पण तोंडातून जायला अजून वेळ लागतोय.

मराठीत तर यासाठी सोय आधीच आहे. 'गोळी सोडली' आणि 'गोळी सुटली' यातला फरक बघा. सोडली म्हटलं की दोष माणसाचा. सुटली म्हटलं की मग विचारता येतं, का सुटली? ऊसतोडीला गेलात का? उलट्या होत होत्या का? दुकानात संपली होती का? एका ॲपमध्ये बटण होतं 'गोळी चुकवली'. ते कोणीच दाबत नव्हतं, सगळ्यांच्या गोळ्या रोज शंभर टक्के. आम्ही मागे लागून ते 'आज गोळी राहिली' असं करून घेतलं. पहिल्याच आठवड्यात लोक खरं सांगायला लागले.

रानजाई

@गोळी_राहिली, आमच्याकडेही 'चुकवली'च आहे. आज बदलते.

चिमण्याची_आई

माझ्या मुलाला टाइप वन डायबेटिस आहे, वय ९. साखर ७० च्या खाली आली की तो म्हणतो, "आई, बॅटरी उतरली." आधीच्या डॉक्टरांनी त्याला तीनदा सुधारलं, "हायपो म्हण." तो गप्प बसायला लागला. सांगायचंच बंद केलं. आताच्या डॉक्टरांनी फाइलवर लाल पेनाने लिहिलंय: 'बॅटरी उतरली = साखर कमी, लगेच ग्लुकोज.' त्याचा फोटो शाळेच्या बाईंकडेही आहे.

ॲपवाल्यांना एक सांगायचंय. आमच्यासारखे आईबाप नुसते वापरणारे नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेत जॉन कॉस्टिक नावाच्या इंजिनिअर बापाने, ऑफिसात बसून आपल्या लहान मुलाच्या साखरेच्या सेन्सरचे आकडे दिसावेत म्हणून स्वतः प्रोग्रॅम लिहिला. त्यातून नाइटस्काउट उभं राहिलं, जगभरचे पालक त्यात आले. त्यांचं ब्रीद होतं, 'आम्ही वाट बघत बसणार नाही.' ज्याला रात्री दोन वाजता उठावं लागतं, त्याला पडद्यावर काय दिसायला हवं हे पक्कं माहीत असतं.

आणि इथे सिरिंजबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. आपल्याकडे ४० ची आणि १०० ची (म्हणजे एका मिलिलिटरमध्ये तेवढी युनिटं) अशी दोन्ही इन्सुलिनं मिळतात. लाल टोपणाची सिरिंज ४० साठी, नारिंगी १०० साठी. १०० चं औषध लाल सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर अंगात २५ युनिट जातात. तोंडाने मात्र दोन्ही वेळा 'दहा युनिट'च म्हणतात. आमच्या घरी हे एकदा होता होता राहिलं. दुकानदाराने चुकीचं टोपण दिलं होतं, सासूबाईंनी रंगावरून ओळखलं. त्यांना वाचता येत नाही.

पेन्शनर

मला टाइप करता येत नाही, हे नातू लिहून देतोय. तो म्हणतो थोडक्यात सांगा. मला बोलू द्या, एवढंच माझं म्हणणं. फोन माझा आवाज धरून ठेवू शकतो ना? मग माझं तोंड यादीत कशाला कोंबता?

वॉर्ड_सिस्टर

आजोबांना अनुमोदन.

दंडकारण्य

सगळं वाचलं. आमच्या गडचिरोलीतलं सांगतो. 'सर्च' या संस्थेत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी बालन्यूमोनियावर काम सुरू केलं तेव्हा प्रश्न हाच होता. पुस्तक म्हणतं, बाळाचे मिनिटाला श्वास मोजा. गावातल्या दाईला ५० पर्यंत मोजता येत नाही. मोजायला शिकवा म्हणणारे तेव्हाही होतेच. त्यांनी मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी असं साधं यंत्र केलं. ठरावीक श्वास झाले की मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत धोक्याचा मणी आला की औषध. दाईला जेवढं मोजता येतं तेवढ्यावरच यंत्र बांधलं आणि ते न्यूमोनिया ओळखायला पुरलं.

रानजाई, सुरुवात कुठून हे तुम्ही विचारलं होतं ना? यंत्र करणारा आधी दाईच्या शेजारी जाऊन बसला.

ओपीडी_नंबर_तीन

मी वर म्हटलं होतं की पानभर मनोगत वाचायला वेळ नाही. ते खरंच आहे, पण अर्धवट होतं. आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवतात की केस पेपरवरची पहिली ओळ पेशंटच्याच शब्दांत लिहा, आपलं निदान त्यात घुसवू नका. माझे सर तो कागद फाडायचे, जर पहिल्या ओळीत इंग्रजी रोगाचं नाव दिसलं तर. कॉम्प्युटर आला आणि ती ओळच गेली, तिथे यादी आली. मला निबंध नको. ती एक ओळ परत द्या, आजोबा म्हणतात तशी आवाजातली असली तरी चालेल. दहा सेकंद ऐकायला मला वेळ आहे. क्रमांक खाली बारीक अक्षरांत राहू दे.

रानजाई

सगळ्यांचे आभार मानत बसत नाही, काय केलं ते सांगते.

शनिवारी मी आणि आमची डिझाइनर कराडला गेलो. आत्याच्या ओट्यावर शेजारच्या चार बायका जमवल्या. कागदावर काहीच नेलं नव्हतं. 'सकाळी उठल्यावर कसं वाटतं' एवढंच विचारलं आणि ऐकत बसलो. तीन तासांत ४३ शब्द लिहून घेतले. 'चक्कर' त्यात एकदाच आला, तोही एसटीच्या घाटातल्या प्रवासाबद्दल.

नव्या पडद्यावर पहिलं बटण माइकचं आहे, 'तुमच्या शब्दांत सांगा'. त्याखाली तीन चित्रं: घर फिरतं, अंधारी येते, झोक जातो. बायनरी भाऊ मराठी नावं क्रमांकांना जोडायला मदत करणार आहेत, त्यांचा निरोप आलाय. मालवणी माज, 'आंग मोडून येता' घेतलंय. आशाताईंच्या सूचनेवरून 'प्रविष्ट' सगळीकडून काढलं, ३१ ठिकाणी होतं.

डॉक्टर, आत्याचं बीपी बघून घेतलं. निजून वरचं १४८, उभं राहिल्यावर ११६. तिच्या डॉक्टरांनी रात्रीची एक गोळी बदलली आहे आणि उठताना आधी दोन मिनिटं पाय खाली सोडून बसायला सांगितलंय.

नवा पडदा तिला दाखवला. तिने तिन्ही चित्रं बघितली, अंधारीवर बोट ठेवलं आणि मग म्हणाली, "हे बरंय. पण झापड कुठंय यात?"

खमंग_काकडी

झापड? आमच्याकडे ती आई मारते!

शब्दवेडी

काकडी, ही झोपेची झापड. डोळे आपोआप मिटतात, गुंगीसारखं.

ओपीडी_नंबर_तीन

रानजाई, आत्याबाईंना विचारा: झापड नवी गोळी सुरू झाल्यावर आली की आधीपासून होती? आणि येते ती जेवल्यावर की उपाशीपोटी? साबुदाणा सोडून.